टर्बोचार्जर व ब्लो-ऑफ झडप

ब्लो-ऑफ झडप : टर्बोचार्जर बसविलेल्या पेट्रोल एंजिनात संपीडक आणि थ्रॉटल यांना जोडणाऱ्या नळात दाबयुक्त हवा साठलेली असते. थ्रॉटल एकाएकी मिटले असता ही हवा बाहेर सोडून देणाऱ्या अथवा संपीडकाच्या मुखाशी परत नेणाऱ्या झडपेस ब्लो-ऑफ झडप म्हणतात. हवा परत नेणाऱ्या प्रकारास पुनराभिसरण झडप असेही नाव आहे. टर्बोचार्जर असलेल्या प्रत्येक मोटारगाडीस अशी झडप लागतेच काय, हा प्रश्न मोटारगाडीचे मालक व दुरुस्तीकार यांच्यात पुष्कळ काळ वादाचा राहिला आहे. झडप नसल्यास टर्बोचार्जर लवकर निकामी होतो असे एक मत असून ती केवळ आवाजासाठी बसवावयाची चैनीची वस्तू आहे असे दुसरे मत आहे. टर्बोचार्जरचा इतिहास पाहिल्यास ही दोन्ही मते अपुरी असल्याचे दिसते. टर्बोचार्जरच्या शोधानंतर सु. सात दशके बहुसंख्य एंजिने या झडपेवाचून चालली. एंजिनाच्या रचनेत एक विशिष्ट बदल झाल्यावर मात्र तिची गरज उत्पन्न झाली. झडपेची आवश्यकता थ्रॉटलचे स्थान, हवेचा दाब, थ्रॉटल मिटण्याची वारंवारता व हवा मोजण्याची पद्धत या चार गोष्टींवर अवलंबून असते.

कार्य व कारण : टर्बोचार्जरमध्ये एकाच दंडावर दोन चक्रे असतात. एंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त निष्कास वायूंमुळे टरबाइनाचे चक्र फिरते व त्याबरोबर फिरणारे संपीडकाचे चक्र बाहेरील हवा ओढून दाबाखाली एंजिनाकडे पाठविते. मोटारगाडीतील लहान टर्बोचार्जरचा दंड मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो. हा संपीडक केंद्रोत्सारी जातीचा असतो. दट्ट्याच्या पंपाप्रमाणे त्यात हवा कोंडून पुढे ढकलली जात नाही, तर चक्राने दिलेल्या वेगाचे दाबात रूपांतर होते. म्हणून अशा संपीडकास दिलेल्या दाबासाठी एक किमान प्रवाह आवश्यक असतो. प्रवाह त्याहून कमी झाल्यास पात्यांवरील हवेचा प्रवाह तुटतो, पुढील नळातील अधिक दाबाची हवा उलटी मागे येते, दाब थोडा उतरताच प्रवाह पुन्हा सुरू होतो व लगेच पुन्हा तुटतो. या आवर्तनास तांत्रिक व्यवहारात ‘सर्ज’ असे म्हणतात. येथे त्यास प्रवाहभंग म्हटले आहे. पंख फडफडावेत तसा तुटक आवाज हे त्याचे बाह्य लक्षण होय.

चालकाने वेग वाढवीत असताना गिअर बदलण्यासाठी पाय उचलला की थ्रॉटल क्षणार्धात मिटते. एंजिनाकडे जाणारा प्रवाह जवळजवळ थांबतो, परंतु संपीडकाचे चक्र जडत्वामुळे जवळपास पूर्वीच्याच वेगाने फिरत राहते. दाब भरपूर व प्रवाह नगण्य अशी प्रवाहभंगास अनुकूल स्थिती अशा रीतीने निर्माण होते. ब्लो-ऑफ झडप याच क्षणी वाट मोकळी करून देते. तिच्यातील पटलाची वा दट्ट्याची एक बाजू बारीक नळीने थ्रॉटलच्या पलीकडील अंतर्ग्रहण नळाशी जोडलेली असते. थ्रॉटल उघडे असताना झडपेच्या दोन्ही बाजूंवरील दाब जवळजवळ सारखा असल्याने स्प्रिंग तिला मिटलेली ठेवते. थ्रॉटल मिटताच अंतर्ग्रहण नळात अंशतः निर्वात निर्माण होतो, दाबांतील फरक स्प्रिंगवर मात करतो व झडप उघडते. हे कार्य एखाद्या सेकंदात आटोपते.

प्रारंभीचा काळ : निष्कास वायूंच्या ऊर्जेवर संपीडक चालविण्याच्या कल्पनेचे एकस्व स्विस अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये मागितले. ही कल्पना व्यवहारात येण्यास दोन दशके लागली. १९२० ते १९३० या दशकात प्रॉइसेन व हान्सेश्टाट डान्झिग या जर्मन प्रवासी जहाजांवरील दहा सिलिंडरांच्या डीझेल एंजिनांना टर्बोचार्जर जोडण्यात आले आणि प्रत्येक एंजिनाची शक्ती १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीपर्यंत वाढली. १९३८ मध्ये स्वित्झर्लंडमधील झाउरर कंपनीने मालमोटारीसाठी टर्बोचार्जरयुक्त डीझेल एंजिन तयार केले. या सर्व एंजिनांत ब्लो-ऑफ झडप नव्हती आणि तिची गरजही नव्हती. डीझेल एंजिनाची शक्ती इंधनाचे प्रमाण बदलून नियंत्रित करतात, हवेचा मार्ग अडवून नव्हे. पाय उचलला तरी हवेची वाट उघडीच राहते. फिरणारे एंजिन हवा घेत असते, इंधन तुटल्याने निष्कास वायू थंडावतात व टर्बोचार्जर आपोआप मंदावतो.

याचा अर्थ डीझेल एंजिनात प्रवाहभंग कधीच होत नाही असा नाही. खवळलेल्या समुद्रात जहाजाचा मळसूत्री पंखा पाण्याबाहेर आला असता एंजिनावरील भार अकस्मात बदलतो व मोठ्या टर्बोचार्जरमधून भुंकल्यासारखा आवाज येतो, हा जहाजांवरील अभियंत्यांचा परिचित अनुभव आहे. त्यावरील मुख्य उपाय म्हणजे एंजिनास अनुरूप संपीडक निवडणे आणि हवेचे मार्ग व शीतक स्वच्छ ठेवणे हा होय. प्रवाहभंग हा थ्रॉटलचा दोष नसून केंद्रोत्सारी संपीडकाचा स्वभाव आहे व थ्रॉटल त्यास केवळ निमित्त होते, हे यावरून लक्षात येते.

विमानांतील उपयोग : पेट्रोल एंजिनास टर्बोचार्जर जोडण्याचे आरंभीचे प्रयत्न विमानांसाठी झाले. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये ओग्युस्त रातो यांनी व अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील सॅनफर्ड मॉस यांनी हे काम केले. मॉस यांनी १९१८ मध्ये लिबर्टी एंजिन कोलोरॅडोतील सु. ४,३०० मी. उंचीच्या पाइक्स पीक या शिखरावर नेऊन त्याची चाचणी घेतली आणि विरळ हवेतही समुद्रसपाटीवरील शक्ती राखता येते हे दाखवून दिले. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ व बी-२४ ही बाँबफेकी विमाने, तसेच पी-३८ व पी-४७ ही लढाऊ विमाने टर्बोचार्जरच्या बळावर मोठ्या उंचीवरून उडत. विमानाचे एंजिन दीर्घकाळ जवळजवळ स्थिर भारावर चालते. मोटारगाडीप्रमाणे मिनिटामिनिटाला थ्रॉटल मिटण्याचा प्रसंग तेथे येत नाही. त्यामुळे या क्षेत्रात संशोधकांचे लक्ष टरबाइनाची पाती उष्णतेत टिकविणे व दाबाचे नियमन करणे यांवर केंद्रित झाले.

मोटारगाडीतील प्रवेश : मोठ्या प्रमाणावर उत्पादित अशा टर्बोचार्जरयुक्त मोटारगाड्या प्रथम १९६२ मध्ये अमेरिकेत आल्या. जनरल मोटर्सच्या ओल्ड्समोबिल विभागाची जेटफायर व शेव्हरोले विभागाची कॉर्व्हेअर मोंझा स्पायडर या त्या होत. जेटफायरच्या ३·५ लिटर एंजिनाची शक्ती २१५ अश्वशक्ती व कॉर्व्हेअरच्या २·४ लिटर एंजिनाची १५० अश्वशक्ती होती. या दोन्ही गाड्यांत कार्ब्युरेटर संपीडकाच्या अगोदर बसविलेला होता, म्हणजे संपीडक कार्ब्युरेटरमधून मिश्रण ओढून घेई. या रचनेत थ्रॉटल मिटले म्हणजे संपीडकाच्या मुखाचीच वाट बंद होते. त्यामुळे आत येणारी हवा आणि पुढील दाब ही दोन्ही एकदमच घटतात व उलट येण्यासाठी दाबयुक्त हवेचा साठा उरत नाही. शिवाय त्या नळातून शुद्ध हवा नव्हे तर पेट्रोलमिश्रित हवा वाहत असल्याने ती बाहेर सोडणे आगीस निमंत्रण देण्यासारखे झाले असते. म्हणून या गाड्यांना ब्लो-ऑफ झडप निरुपयोगी, किंबहुना घातक ठरली असती.

या रचनेचे दोषही होते. लांब नळातून जाताना पेट्रोलाचे थेंब भिंतींवर साचत, थंडीत एंजिन नीट चालत नसे आणि मिश्रण इंटरकूलरमधून नेणे धोक्याचे होते. म्हणून पुढे थ्रॉटल संपीडकाच्या पलीकडे, एंजिनाच्या लगत नेण्यात आले. युरोपात १९७३ मधील बीएमडब्ल्यू २००२ टर्बो व १९७४ मध्ये पॅरिस येथील प्रदर्शनात मांडलेली पोर्श ९११ टर्बो या गाड्यांत कार्ब्युरेटरऐवजी इंधन-अंतःक्षेपणाची पद्धती होती. ज्यांनी कार्ब्युरेटर कायम ठेवला त्यांपैकी १९८० मधील लोटस एस्प्रिट टर्बो व १९८१ मधील माझेराती बायटर्बो यांत संपीडक कार्ब्युरेटरमधून हवा ओढण्याऐवजी त्यात हवा दाबाने फुंकीत असे. संपीडक व मिटणारे थ्रॉटल यांमध्ये आता बराच मोठा नळ व पुढे इंटरकूलरही आला. दाबयुक्त हवेचा हा बंदिस्त साठा हेच ब्लो-ऑफ झडपेच्या गरजेचे मूळ होय.

शर्यतींच्या अनुभवानेही हा प्रश्न पुढे आणला. इंडियानापोलिस येथील ५०० मैलांची शर्यत १९६८ मध्ये टर्बोचार्जरयुक्त मोटारगाडीने प्रथम जिंकली. लांबट वर्तुळाकार मार्गावर चालकाचा पाय फारसा उचलला जात नाही. परंतु १९७२ व १९७३ मध्ये पोर्श ९१७ च्या टर्बोचार्जरयुक्त आवृत्त्यांनी कॅन-ॲम मालिका जिंकली, ती वळणावळणांच्या मार्गांवर. तेथे प्रत्येक वळणाशी थ्रॉटल मिटते व वळण संपताच शक्ती तात्काळ हवी असते. १९७७ मध्ये फॉर्म्युला वन शर्यतीत रेनोची १·५ लिटर टर्बोचार्जरयुक्त गाडी उतरली व १९७९ मध्ये दीझाँ येथे तिने पहिला विजय मिळविला. थ्रॉटल पुन्हा उघडल्यावर शक्ती येण्यास लागणारा विलंब हा या सर्वांपुढील मुख्य प्रश्न होता. प्रवाहभंगाच्या प्रत्येक आवर्तनात चक्रास प्रतिरोध होऊन त्याचा वेग उतरतो. झडप उघडल्यास चक्र तुलनेने मोकळे फिरत राहते व पुढील गिअरमध्ये दाब लवकर चढतो. झडपेचा हा लाभ वास्तविक आहे, मात्र तो गिअर बदलण्याच्या क्षणापुरता असतो. एंजिनाची कमाल शक्ती तिच्यामुळे वाढत नाही, कारण त्या वेळी झडप मिटलेलीच असते.

तत्सम झडपा : ब्लो-ऑफ झडपेची गल्लत इतर दोन झडपांशी नेहमी होते. पहिली वेस्टगेट होय. ती निष्कास वायूंच्या बाजूस असते व काही वायू टरबाइनास वळसा घालून जाऊ देते. अशा रीतीने ती दाबाची कमाल मर्यादा ठरविते. तिच्या अभावी वा बिघाडामुळे दाब बेसुमार वाढून दट्ट्ये फुटू शकतात. दुसरी पॉप-ऑफ झडप. ती शर्यतींच्या नियामक मंडळांनी सर्व स्पर्धकांचा दाब मर्यादित करण्यासाठी सक्तीची केली होती. अमेरिकेत १९७४ मध्ये व फॉर्म्युला वनमध्ये १९८७ साली ती आली. फॉर्म्युला वनमध्ये १९८७ साली ४ बार व १९८८ साली २·५ बार अशी मर्यादा होती. १९८९ पासून टर्बोचार्जरवर बंदी घालण्यात आली व २०१४ मध्ये त्यास पुन्हा प्रवेश मिळाला. वेस्टगेट व पॉप-ऑफ या झडपा थ्रॉटल उघडे असताना कार्य करतात, तर ब्लो-ऑफ झडप थ्रॉटल मिटल्यावर कार्य करते. ‘ब्लो-ऑफ झडप नसल्यास दाब वाढून एंजिन फुटेल’ ही समजूत या गोंधळातून निर्माण झालेली असून ती चुकीची आहे.

झडपेवाचून चालणारी एंजिने : संपीडकाच्या पलीकडे थ्रॉटल असूनही झडपेवाचून चाललेल्या गाड्यांचे ठळक उदाहरण म्हणजे १९८६ व १९८७ मधील ब्यूइक ग्रँड नॅशनल. तिच्या ३·८ लिटर एंजिनास इंटरकूलर होता व दाब वातावरणाहून सु. १ बार अधिक होता. तरी कारखान्याने तीत ब्लो-ऑफ झडप बसविली नव्हती. या उदाहरणावरून झडप सर्वत्र अनावश्यक आहे असा निष्कर्ष पुष्कळदा काढला जातो. परंतु या गाडीस स्वयंचलित गिअरपेटी होती. गिअर बदलताना चालकास पाय उचलावा लागत नसे व पूर्ण दाबाखाली थ्रॉटल मिटण्याचे प्रसंग थोडे येत. हेच एंजिन हाताने बदलावयाच्या गिअरपेटीस जोडले असते, तर परिस्थिती निराळी झाली असती.

प्रवाहभंगाने होणारी हानी मुख्यतः टर्बोचार्जरच्या अक्षीय धारव्यास पोहोचते. दंडाचे धारवे तेलाच्या पातळ थरावर चालतात. प्रवाह उलटसुलट होताना दंडावर अक्षाच्या दिशेने झटके बसतात व हा थर तुटण्याचा संभव असतो. दाब वातावरणाहून ०·४ ते ०·५ बार इतकाच अधिक असल्यास झटके सौम्य असतात व सुस्थितीतील धारवे ते दीर्घकाळ सोसतात. दाब १ बारच्या पुढे गेल्यावर, चक्राचा आकार मोठा असल्यास आणि असे प्रसंग एका प्रवासात शेकडो वेळा येत असल्यास झीज अर्थपूर्ण ठरते. तरीही टर्बोचार्जर निकामी होण्याची अधिक नेहमीची कारणे निराळीच असतात. अस्वच्छ वा अपुरे तेल, तेलाची चोंदलेली नळी, गाळणीतून आत गेलेले कण आणि जोराने चालविल्यानंतर तप्त एंजिन तात्काळ बंद करणे ही ती होत. झडपेवर खर्च करून तेलाकडे दुर्लक्ष करणाऱ्या मालकाचा टर्बोचार्जर तिच्यामुळे वाचत नाही.

हवा बाहेर की परत : झडपेतून सुटलेली हवा वातावरणात सोडावी की संपीडकाच्या मुखाशी परत न्यावी, हा यातील महत्त्वाचा उपप्रश्न आहे. त्याचे उत्तर एंजिन हवा कोठे मोजते यावर अवलंबून आहे. पोर्श ९११ टर्बोत वापरलेल्या बॉशच्या के-जेट्रॉनिक पद्धतीत हवेच्या प्रवाहाने उचलली जाणारी तबकडी संपीडकाच्या अगोदर असे. पुढे आलेले तप्त तारेचे प्रवाहमापकही बहुधा तेथेच बसवितात. अशा एंजिनात मोजून आत घेतलेली हवा मध्येच बाहेर गेली, तर तिच्या हिशेबाने इंधन मात्र पडून जाते. समजा, नळ व इंटरकूलर यांचे एकूण घनफळ १० लिटर, दाब वातावरणाहून १ बार अधिक व तापमान ५०° से. आहे. त्यात सु. २२ ग्रॅ. हवा मावते. दाब वातावरणाइतका होईपर्यंत सु. ११ ग्रॅ. हवा निसटते व तिच्यासाठी ठरलेले सु. पाऊण ग्रॅम पेट्रोल जादा ठरते. त्यामुळे मिश्रण क्षणभर अतिसमृद्ध होते, एंजिन अडखळते, निष्कास नळात स्फोटाचा आवाज येतो आणि न जळलेले इंधन उत्प्रेरक परिवर्तकात जळून तो तापतो. म्हणूनच मोटारगाड्यांच्या कारखान्यांनी बहुतांशी पुनराभिसरण झडपेचाच अंगीकार केला. तिच्यात आवाजही दबला जातो. ज्या एंजिनात इंधनाचे प्रमाण अंतर्ग्रहण नळातील दाब व तापमान यांवरून ठरविले जाते, त्यात हवा बाहेर सोडल्याने हिशेब बिघडत नाही.

१९८० नंतर व विशेषतः १९९० नंतर सुट्या भागांच्या व्यापारात बाहेर हवा सोडणाऱ्या झडपांना मोठी मागणी आली. जपानमधील एचकेएससारख्या कंपन्यांच्या झडपा जगभर विकल्या गेल्या. गिअर बदलताना होणारा फुस्कारा हे शक्तीचे चिन्ह मानले जाऊ लागले. फार मृदू स्प्रिंगची झडप मंद गतीत किंचित उघडी राहून न मोजलेली हवा आत घेते, तर फार ताठ स्प्रिंगची झडप कमी दाबाच्या वेळी उघडतच नाही. म्हणजे चुकीची झडप बसविण्यापेक्षा कारखान्याची मूळ झडप सुस्थितीत ठेवणे अधिक हितावह असते. मूळ झडपेचे रबरी पटल फाटल्यास दाब गळतो व शक्ती उतरते. पुष्कळ वेळा दुरुस्तीस एवढेच कारण पुरेसे असते.

अलीकडील स्थिती : विद्युत् नियंत्रित थ्रॉटल प्रचारात आल्यानंतर चालकाचा पाय व थ्रॉटल यांतील प्रत्यक्ष जोड तुटली. पाय उचलला तरी थ्रॉटल किती त्वरेने मिटावे हे संगणक ठरवितो व वेस्टगेट त्याच वेळी उघडू शकतो. यामुळे प्रवाहभंगाची तीव्रता झडपेवाचूनही कमी करता येते. फोक्सवागेन समूहाच्या अनेक एंजिनांत पुनराभिसरण झडप संपीडकाच्या कवचावरच बसविलेली असून ती विद्युत् चुंबकाने उघडते. रॅली शर्यतींच्या गाड्यांत याच्या उलट उपाय करतात. पाय उचलल्यावरही हवेची वाट थोडी उघडी ठेवून व ठिणगी उशिरा पाडून मिश्रणाचा काही भाग निष्कास नळात जाळतात व टरबाइन फिरते ठेवतात. त्यात विलंब नाहीसा होतो, परंतु टरबाइनाचे आयुष्य फार घटते.

भारतात टर्बोचार्जरचा प्रसार दीर्घकाळ डीझेल एंजिनांद्वारे झाला. पुण्यात १९६२ मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्कर कमिन्ससारख्या कारखान्यांची एंजिने या वर्गातील होत. त्यामुळे मालमोटारी व जनित्रे दुरुस्त करणाऱ्या जुन्या कारागिरांना ब्लो-ऑफ झडपेची ओळख नसणे स्वाभाविक होते. लहान टर्बोचार्जरयुक्त पेट्रोल एंजिने २०१० नंतर प्रचारात आली. फोक्सवागेनच्या चाकण येथील कारखान्यातून २०१३ मध्ये पोलो जीटी टीएसआय व टाटा मोटर्सकडून २०१४ मध्ये झेस्ट आणि २०१७ मध्ये नेक्सॉन या गाड्या बाजारात आल्या. बोरघाटासारख्या चढणीवर हाताने गिअर बदलीत जाणाऱ्या पेट्रोल गाडीत थ्रॉटल वारंवार मिटते. त्याच चढणीवरील डीझेल मालमोटारीस मात्र हा प्रश्न पडत नाही.

समारोप : ब्लो-ऑफ झडपेची गरज टर्बोचार्जरमुळे नव्हे, तर संपीडकाच्या पलीकडे मिटणाऱ्या थ्रॉटलमुळे निर्माण होते. डीझेल एंजिनास आणि संपीडकाच्या अगोदर कार्ब्युरेटर असलेल्या पेट्रोल एंजिनास ती लागत नाही. दाब कमी व गिअरपेटी स्वयंचलित असल्यास तिच्यावाचून चालू शकते. दाब १ बारच्या आसपास वा त्याहून अधिक, गिअरपेटी हाताने चालविण्याची व थ्रॉटल तारेने ओढले जाणारे असल्यास ती असणे श्रेयस्कर ठरते. हवा संपीडकाच्या अगोदर मोजली जात असल्यास ती पुनराभिसरण प्रकारचीच असावी लागते. ज्या गाडीत कारखान्याने झडप बसविलेली आहे तिच्यातून ती काढू नये आणि जिच्यात बसविलेली नाही तिच्यात केवळ आवाजासाठी ती घालू नये, हा व्यवहारातील सुरक्षित नियम होय. एंजिनाचा दाब मुद्दाम वाढविला असेल तर मात्र कारखान्याचा मूळ हिशेब लागू राहत नाही व झडपेचा विचार नव्याने करावा लागतो.